बंदरावर उतरताना

(गटाच्या तिमाही मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. बोलण्याच्या ओघात जे आलं ते बहुतेक तसंच ठेवलं आहे.)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मला ऐकू आलं. ‘क्रूझवर गेल्यावर बंदरावर उतरून कसं हिंडावं’ हा काय आपल्या मेळाव्याचा विषय झाला का? रेशन, पोटगी, हिंसाचार हे सगळं बाजूला ठेवून ही बाई समुद्राच्या गप्पा मारणार! दोन मैत्रिणींनी तर मला आधीच विचारलं, ‘चळवळीतली बाई आणि क्रूझ?’

तर हो. तीन वर्षं भिशी लावली, त्यातून गेलो. आम्ही तिघी होतो. मी, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली माझी मैत्रीण आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना आम्ही सगळे वहिनीच म्हणतो. वय अनुक्रमे एकसष्ट, त्रेसष्ट आणि अडुसष्ट. तिकीट काढायला गेलो तेव्हा समोरच्या माणसानं पहिला प्रश्न विचारला, ‘बरोबर जेन्ट्स कोण?’ मैत्रीण म्हणाली, ‘जहाजाला कप्तान असेलच ना?’ पुढचं बोलणं नीट झालं.

मला वाटतं, बाईच्या मोकळ्या वेळाबद्दल आपण फार कमी बोलतो. कामाच्या वेळेबद्दल बोलतो, मजुरीबद्दल बोलतो. पण सुट्टी घेतली तर ती कशी घालवायची, हे ठरवायची सवयच बाईला नसते. तीर्थयात्रेला गेली तरी डबे तिनंच भरायचे. जहाजावर सगळं आयतं मिळतं. बंदर आलं की मात्र स्वतः ठरवावं लागतं, उतरायचं की नाही, कुठं जायचं, कुणाबरोबर जायचं, किती वाजता परतायचं. मी पाहिलं, आमच्या जहाजावर कितीतरी बायका नवरा म्हणेल तिकडे चालल्या होत्या आणि तो दमला की परत येत होत्या. म्हणून हे भाषण. आणि या प्रवासात माझ्याकडून एक मोठी चूक झाली, तीही आज सांगायची आहे.

आमचं जहाज बार्सिलोनाहून निघालं. मग मार्सेय, जेनोवा, रोमसाठीचं बंदर चिविताव्हेक्किया, नेपल्स, पालेर्मो आणि परत बार्सिलोना. हे सगळे देश शेंगेनमधले, त्यामुळे एका व्हिसावर भागलं. पण मध्ये तुर्कस्तानसारखा देश लागला तर तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येता, तेव्हा अनेक प्रवेशांचा व्हिसा लागतो. हे तिकीट काढण्याआधी विचारा, नंतर नाही.

आता बंदराचं गणित. जहाज सकाळी सात-आठला लागतं आणि संध्याकाळी पाच-सहाला निघतं. निघायच्या अर्धा ते एक तास आधी सगळ्यांनी वर यायचं असतं. ही वेळ रोजच्या पत्रकात छापलेली असते. तुम्हाला लक्षात ठेवायची ती हीच वेळ, निघायची नव्हे. उतरायचे दोन मार्ग. एक, जहाजानंच आखलेली सहल घ्यायची. बस, गाईड, छातीवर नंबराचं स्टिकर. दुसरा, आपलं आपण जायचं. जहाजाच्या सहलीला माणशी पाऊणशे ते दीडशे युरो सहज पडतात, पण त्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी त्यांची. आपलं आपण गेलो आणि उशीर झाला, तर जहाज जातं. कुणाची वाट बघत नाही. मग पुढच्या बंदराचं तिकीट तुमच्या खर्चानं.

म्हणून आम्ही असं ठरवलं की बंदर आणि शहर जवळ असेल तिथं आपलं आपण जायचं, लांब आणि अवघड असेल तिथं सहल घ्यायची. पण एकदम रोमला हात घालू नका. आधी एका सोप्या बंदरावर हात बसवा. आम्हाला जेनोवा त्यासाठी फार चांगलं वाटलं. जहाज लागतं तिथून मोठं रेल्वे स्टेशन चालण्याच्या अंतरावर, जुनं गाव तिथूनच सुरू. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तर ते गाव म्हणजे माहेर आहे. डोंगरावर वसलेलं असल्यामुळे तिथं रस्त्यात बसथांबा असावा तशा सार्वजनिक लिफ्ट आहेत. पोर्तेल्लो चौकातून लिफ्टमध्ये शिरलं की थेट कास्तेल्लेत्तोच्या गच्चीवर. सगळं बंदर खाली दिसतं, आपलं जहाजही. वहिनींनी तिथून जहाजाच्या मजल्यांची मोजणी केली आणि म्हणाल्या, ‘आपली खोली दिसणारच नाही, आपल्याला खिडकीच नाही.’ सगळ्यात स्वस्त, आतली खोली घेतली होती. झोपायलाच तर लागते.

मार्सेयला उलटं. नकाशात गाव समुद्रालाच चिकटलेलं दिसतं, पण क्रूझची जहाजं जुन्या बंदरापासून बरीच लांब लागतात. बस घ्यावी लागते. तेव्हा ‘बंदर’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. चिविताव्हेक्कियाच्या पाटीवर ‘रोम’ लिहिलेलं असतं आणि रोम असतं सत्तर-ऐंशी किलोमीटरवर!

रोमला आम्ही आगगाडीनं गेलो. बंदराची बस लार्गो देल्ला पाचे नावाच्या चौकात सोडते, तिथून स्टेशन चालत पंधरा-वीस मिनिटं. साध्या गाडीचं एकेरी तिकीट पाच युरोंच्या आसपास, आणि कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा. नाही मारला तर खरं तिकीट असूनही दंड. रोमा सान पिएत्रो स्टेशनावर उतरलं की व्हॅटिकन चालत गाठता येतं. तिथल्या मोठ्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे उघडे असलेल्यांना आत सोडत नाहीत, पुरुषांनाही. ओढणी बरोबर ठेवा. बाहेर उन्हात रांगेत उभं राहतानाही तीच डोक्यावर येते. पाणी विकत घेऊ नका, रोममध्ये रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ सतत वाहत असतात, पाणी पिण्याचं आणि फुकट. बाटली रिकामी न्या.

परतीची गाडी शेवटची धरू नका. जी गाडी पुरेल असं वाटतं तिच्या आधीच्या दोन गाड्या सोडून तिसरी, म्हणजे खूप आधीची धरा. आणि निघण्याआधी संप आहे का बघा. इटलीत संपाला ‘शोपेरो’ म्हणतात, तो आधी जाहीर करावा लागतो, आणि संपाच्या दिवशीही कामाच्या दिवसात सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ काही गाड्या सोडतात. संपाला आपला पाठिंबाच आहे, पण जहाज पाचला निघत असेल तर संध्याकाळी सहाच्या गाडीचा उपयोग नाही.

आता आपला जुना प्रश्न, लघवीचा. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम चालली, ती इथल्या बायकांना परदेशी गेल्यावरही आठवेल. सार्वजनिक मुताऱ्या कमी, आणि असतात तिथं नाणं लागतं. सुट्टे युरो वेगळे बांधून ठेवा. नाहीतर कॉफीच्या दुकानात शिरा. इटलीत टेबलाशी न बसता काउंटरपाशी उभ्यानं कॉफी घेतली तर स्वस्त पडते, युरो-दीड युरोत काम होतं, आणि मग स्वच्छतागृह वापरायला कुणी नाही म्हणत नाही. पाणी कमी पिऊन दिवस काढायची आपली सवय मोडा. माझ्या नर्स मैत्रिणीनं जहाजावरच दम दिला होता, ‘मूत्रमार्गाला संसर्ग झाला तर मी सुट्टीवर आहे.’

पैसे आणि कागद. परकराला आतून चोरखिसा शिवून घ्या. आमच्या आयांना ही अक्कल होती, आपण पर्सच्या नादाला लागलो. पासपोर्टची झेरॉक्स जवळ हवी. रोजच्या पत्रकात त्या बंदरातल्या जहाजाच्या एजंटाचा फोन नंबर असतो, तो कापून जवळ ठेवा. जहाज चुकलं तर तोच माणूस उपयोगी. रोजच्या गोळ्या दोन दिवसांच्या तरी पिशवीत हव्यातच. जहाजावरची फळं आणि शिजवलेलं अन्न खाली न्यायला बहुतेक बंदरांत मनाई असते, बंद पुड्यातली बिस्किटं चालतात. फोन समुद्रावर असताना विमानाच्या स्थितीत ठेवा, नाहीतर जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क लागतं आणि बिल बघून घरचे पुन्हा पाठवणार नाहीत.

मंगळसूत्राबद्दल कुणीतरी विचारणार आहे, म्हणून सांगून टाकते. वहिनींनी ते खोलीतल्या तिजोरीत ठेवलं. मी काही म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवशी बंदरावर उतरताना त्यांचा हात दर पाच मिनिटांनी गळ्याशी जायचा. चौथ्या दिवशी नाही गेला. यावर मी आणखी काही बोलणार नाही, त्याही बोलल्या नाहीत.

आता नेपल्स. तिथं आम्ही जहाजाची सहल घेतली होती. सकाळी पॉम्पेई, दुपारी नेपल्सच्या जुन्या गल्ल्या.

पॉम्पेई म्हणजे इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं गाव. रस्ते मोठमोठ्या काळ्या दगडांचे, मध्ये गाड्यांच्या चाकोऱ्या. चपला घालून जाऊ नका. वहिनी साडी आणि कापडी बुटांत होत्या, ओचा जरा वर खोचला होता, काही अडलं नाही. गाईड चांगला होता, पण प्रत्येक गाईडचे काही ठरलेले विनोद असतात. तिथल्या वेश्यागृहापाशी आम्हाला नेलं. दोन मजल्यांवर मिळून दहा खोल्या. खोली म्हणजे कोनाडाच, आणि पलंग दगडाचे. भिंतीवर चित्रं. गाईडनं त्या चित्रांवरून विनोद केला, पुरुष हसले, काही बायकाही हसल्या. माझ्या मैत्रिणीनं हात वर करून विचारलं, ‘या खोल्यांत हवा कुठून यायची?’ तो थांबला. मग तिनं विचारलं, ‘या बायका कोण होत्या?’ तेव्हा त्यानं नीट सांगितलं की त्यातल्या बहुतेक गुलाम असाव्यात, कमाई मालकाकडे जायची, आणि भिंतींवर ओरखडून लिहिलेली नावं बरीचशी ग्रीक धाटणीची आहेत. त्याला सगळं ठाऊक होतं. विचारलं नव्हतं म्हणून सांगत नव्हता.

तेव्हा प्रश्न घरूनच तयार करून न्या. पॉम्पेईत विचारा, यूमाकियाची इमारत कुठाय? फोरमच्या चौकात एका बाईनं स्वतःच्या आणि मुलाच्या नावानं बांधलेली ती मोठी इमारत आहे. ती व्हीनसची पुजारीण होती, आणि कपडे धुणाऱ्या कारागिरांनी, आपण परीट म्हणू, तिचा पुतळा उभारला. मूळ पुतळा नेपल्सच्या संग्रहालयात आहे, जागेवर नक्कल आहे. ज्यूलिया फेलिक्सचं घर विचारा. या बाईनं आपल्या मालमत्तेतलं स्नानगृह, दुकानं आणि माडीवरच्या खोल्या पाच वर्षांच्या भाड्यानं द्यायच्या आहेत अशी भिंतीवर जाहिरात रंगवली होती. दोन हजार वर्षांपूर्वीची घरमालकीण! अर्ध्या दिवसाच्या सहलीत हे दाखवत नाहीत. आग्रह धरला तर निदान बोट तरी दाखवतात.

दुपारी नेपल्सच्या जुन्या भागात गेलो. सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाची एक गल्ली आहे, तिथं नाताळच्या देखाव्यातल्या मातीच्या मूर्ती करणारे कारागीर बसतात, बारा महिने. आपल्या पेणसारखं. येशूबाळ तर आहेच, पण कणीक मळणारी बाई, मासळीवाली, धुणं वाळत घालणारी, बोटाएवढ्या. वहिनी तिथं रमल्या. गर्दी होती, गाईडची काठी पुढे गेली, आम्ही काठीमागे गेलो. चर्चपाशी माणसं मोजली तर एक कमी.

आता माझी चूक ऐका. वहिनींचं जहाजाचं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. त्यांचे युरोही माझ्याकडे. पासपोर्टची झेरॉक्स माझ्याकडे. पहिल्या दिवशीच मी म्हटलं होतं, ‘वहिनी, द्या इकडे, तुमच्याकडून हरवेल.’ आणि त्यांनी दिलं. जसं आधी भाऊजींना द्यायच्या. मी पंचवीस वर्षं शिबिरं घेतली आहेत. बाईचं बँकेचं पासबुक बाईकडे हवं, हे किती गावांत ओरडून सांगितलं असेन. आणि माझ्याच जाऊबाईंना परक्या देशात, भाषा येत नसताना, एक पैसा आणि एक ओळखपत्र नसलेली बाई मी करून ठेवलं होतं. त्यांच्या भल्यासाठी! भाऊजीही तेच म्हणायचे.

गाईडनं दहा मिनिटं शोधलं, मग त्याला बाकीची चाळीस माणसं घेऊन निघणं भाग होतं. मैत्रीण बसबरोबर गेली, जहाजावर वर्दी द्यायला. मी गल्लीत वरखाली पळत राहिले. वर यायची वेळ साडेपाच होती. पावणेपाचला मी रडकुंडीला येऊन बंदराकडे निघाले.

बंदराच्या फाटकाशी, किल्ल्यासमोरच्या बाकावर वहिनी बसल्या होत्या. शेजारी एक सावळीशी बाई, दोघी मिळून कागदातलं काहीतरी खात होत्या. मला बघून म्हणाल्या, ‘कुठं होतीस गं? मी पाऊण तास इथं बसलेय.’

झालं होतं असं की वहिनी रोज सकाळी पत्रकातून बंदराचं नाव माझ्याकडून विचारून वहीत देवनागरीत उतरवून घ्यायच्या. ‘मोलो बेवेरेल्लो, समोर पाच बुरुजांचा किल्ला.’ मी त्याला त्यांचा छंद समजत होते. त्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या बायकांची तोंडं पाहिली आणि त्यांतली एक आपल्याकडची वाटली म्हणून तिला थांबवलं. ती श्रीलंकेची होती. नेपल्समध्ये श्रीलंकेची पुष्कळ माणसं आहेत, त्यांतल्या कितीतरी बायका लोकांच्या घरी कामाला जातात, म्हाताऱ्यांची सेवा करतात. हीसुद्धा कामावरून सुटून चालली होती. तिला हिंदी सिनेमातली चार वाक्यं येत होती, वहिनींना इंग्रजी दहा शब्द. वहिनींनी वहीतून वाचलं, तिला कळलं, ती चालत सोडायला आली आणि एकटं सोडून जाईना म्हणून बसून राहिली. मी तिला पैसे द्यायला गेले तर वहिनींनी माझा हात धरला. ‘तिनं मला खायला घातलंय. पैसे कसले देतेस?’ त्यांनी आपल्या हातातल्या दोन काचेच्या बांगड्या तिला काढून दिल्या.

फाटकावर कार्ड दाखवावं लागलं. मी पर्समधून काढलं, वहिनींनी माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः दाखवलं. ते परत माझ्याकडे आलं नाही.

तर पहिला नियम हा, तो मी शेवटी सांगते आहे. ज्या बाईचं कार्ड, तिच्या चोरखिशात. ज्या बाईचे पैसे, तिच्याकडे. गटात सगळ्यात ‘हुशार’ जी असेल तिच्यापासून बाकीच्यांनी सावध राहावं. आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा सकाळीच ठरवावी, डोळ्यांना दिसणारी, किल्ला, घड्याळ, पुतळा. ‘बसपाशी’ हे ठिकाण नव्हे, बस हलते.

दोन गोष्टी झटकन सांगून संपवते. आमची खोली साफ करणारी मुलगी वास्कोची होती. कोकणी-मराठी बोलणं जमलं. आपण खाली उतरतो तेव्हा तिला सगळ्यात जास्त काम असतं. २०१३ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजावरच्या कामगाराला चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळायला हवी. म्हणजे आठवड्यातले एक्क्याण्णव तास उरले, त्याचा हिशेब तुम्ही करा. नेपल्सला ती किती वेळा आली ते तिला आठवत नव्हतं. पॉम्पेई पाहिलं नव्हतं, फुकट वायफाय कुठं मिळतं ते माहीत होतं. खोली आवरून ठेवत जा आणि बक्षिसी तिच्या हातात द्या.

दुसरं, गावांचा राग. व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यात मोठी जहाजं यायला १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे. बार्सिलोनानं २०२५ च्या जुलैमध्ये ठरवलं की क्रूझचे सात धक्के २०३० पर्यंत पाच करायचे. आपण जहाजावर फुकट जेवून खाली नुसती गर्दी करतो, असं तिथल्या लोकांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. तेव्हा एक जेवण तरी गावात, छोट्या दुकानात घ्या.

पालेर्मोला माझा गुडघा सुजला होता. मी वर राहिले, मैत्रीण माझ्या सोबतीला. वहिनी एकट्या उतरल्या. बंदरातून बाल्लारोच्या बाजारापर्यंत चालत. मी वरून डेकवरून बघत होते, बघू नये असं ठरवूनही. तीन वाजता आल्या, वर यायच्या वेळेच्या दोन तास आधी. तिथं पानेल्ले म्हणून हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या पावात घालून देतात, त्या खाऊन आल्या होत्या. ‘अगं, बेसनच ते! नुसतं जिरं नाही घालत.’ मग वही काढून बसल्या आणि हिशेब लिहिला. पानेल्ले, कॉफी, स्वच्छतागृह, एक मातीचा दिवा. बेरीज जुळेना, पन्नास सेंट कमी येत होते. मी बघू का म्हटलं तर म्हणाल्या, ‘राहू दे, माझी मी शोधते.’